खिशात मावणारं चित्र

सध्या माझ्या डोक्यात एकच खूळ आहे, एटीसी म्हणजे आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड. साईज ठरलेली, अडीच बाय साडेतीन इंच, बाकी त्यात पेन्सिल, वॉटरकलर, कोलाज, भरतकाम, काय करायचं ते करा. झुरिकच्या स्टिर्नेमान नावाच्या कलाकाराने १९९७ मध्ये हे सुरू केलं आणि मुख्य नियम एकच, कार्ड विकायचं नाही, फक्त बदलायचं! मला हेच सगळ्यात आवडतं, कारण कुणी किंमत विचारत नाही, तुम्ही एक द्या, एक घ्या, संपलं.

आता आपलं सोलापूर म्हणजे चादरी, आणि जकार्ड मागावर नक्षी पाडायला ते भोकं असलेले पुठ्ठे लागतात ना, तसला एक जुना पुठ्ठा मामांनी आणून दिला, तो कापून मी कार्डं केली. भोकं बुजवली नाहीत, उलट त्यातून लाल-पिवळा दोरा ओवून चादरीच्या काठासारखी नक्षी काढली आणि एकावर गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या) रंगवले, खरंच फार गोड दिसतात.

मागे नाव, तारीख आणि शीर्षक लिहायचं, सिरीज असेल तर नंबर पण. पोस्टात टाकताना कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घाला, दोन्हीकडून जाड पुठ्ठा लावा आणि दोऱ्याच्या गाठी मागच्या बाजूला चिकटवून सपाट करा, नाहीतर शिक्का मारताना तिथेच चेपतं.