शेकरूच्या शेपटीतले टाके

काळ्या शाईत शेकरू काढायचं म्हणजे पहिली पंचाईत रंगाची. भीमाशंकरच्या झाडीत ते नजरेत भरतं ते पाठीवरच्या तांबूस-किरमिजी रंगामुळे, आणि माझ्या हातात ०.२ मिलिमीटर टोकाचं काळं पेन! मग उरते ती फांदीवरून खाली सोडलेली झुपकेदार शेपटी. ती कशानं भरायची?

हे भरण्याचं वेड मला गोंड चित्रांनी लावलं. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातलं पाटणगढ हे परधान गोंडांचं गाव. परधान म्हणजे बाना हे तंतुवाद्य वाजवत गोंडांच्या देवांच्या, राजांच्या कथा गाणारे लोक. (आपल्या विदर्भातही ते आहेत.) पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या तरुण पोराला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणलं आणि भिंतीवरचे देव, वाघ, पाखरं कागदावर उतरली. त्याची नुसत्या काळ्या शाईतली चित्रं मला रंगीत चित्रांपेक्षा कांकणभर जास्त आवडतात. लपायला रंगच नाही. जे काय आहे ते रेघेत आणि ठिपक्यात.

जनगढ २००१ साली जपानमध्ये वारला, अगदी अकाली. पण तोवर त्याच्या हाताखाली नात्यागोत्यातली किती तरी मंडळी चित्रकार झाली होती. भज्जू श्याम त्यांतलेच. त्यांनी लंडनचं ते मोठं घड्याळ चक्क कोंबड्यासोबत काढलं, कारण वेळ सांगायचं काम दोघांचंही! या सगळ्यांच्या चित्रांत हरणाच्या शिंगांचं झाड होतं, पण अंगातलं भरण मात्र ज्याचं त्याचं. कुणाचे ठिपके, कुणाच्या तुटक रेघा. जाणकार खालचं नाव न वाचता चित्रकार ओळखतात. म्हणजे जनगढच्या ठिपक्यांच्या रांगा उचलल्या, तर आपण प्राणी काढत नसतो, दुसऱ्याची सही गिरवत असतो.

माझं भरण मला आजीच्या गोधडीत सापडलं. जुन्या लुगड्यांवर कडेपासून आत आत जाणारा धावदोरा: टाका, फट, टाका, फट. शेपटीत तेच घालते. पेन उभं धरावं लागतं, खरखरीत कागदावर टोक अडतं, शाई सुकली की हलवून पुन्हा सुरू. टाके सरळ येत नाहीत. आजीचेही येत नव्हते.

‘खाली गोंड आर्ट लिही, खपेल,’ असं एका मैत्रिणीनं सुचवलं. तिला म्हटलं, गोंड चित्र हवं असेल तर पाटणगढच्या माणसांकडून घे. दिंडोरीच्या गोंड चित्रांना २०२३मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. हे आपलं शाईतलं शेकरू.

आता खवल्या मांजर घ्यायचं मनात आहे. पण त्यानं अंगभर स्वतःचंच भरण आणलंय, तिथे माझे टाके घालायचे तरी कुठे?