उस्मानाबादी की संगमनेरी : जुळ्यांनी हिशोब फिरवला

माझ्याकडे शेळ्यांच्या दोन जाती, उस्मानाबादी आणि संगमनेरी. मागच्या वेळी दोघींच्या करडांची वजनं टी-टेस्टने, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या चाचणीने, ताडून पाहिली होती, आठवतंय ना? 90 दिवसांच्या वजनात संगमनेरी करडं पुढे, पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.05 च्या बरीच खाली. संगमनेरी पाळणाऱ्या संगमनेरवाल्यांनी तेव्हा माझी यथेच्छ फिरकी घेतली. या खेपेला एक्सेलमध्ये फक्त एक रकाना वाढवला : करडू एकटं की जुळं. आणि सगळं चित्रच पालटलं.

उस्मानाबादी जुळ्यांसाठीच नावाजलेली, त्यामुळे माझ्या काळ्या करडांत जुळ्यांची गर्दी, तर संगमनेरीत बहुतेक एकटी. जुळं जन्मतःच हलकं, वर दुधाला वाटेकरी. एकट्यासमोर एकटं ठेवून पाहिलं तर फरक निम्म्याहून जास्त आटला. बोकड आणि पाटी (मादी करडं) वेगळ्या केल्यावर आणखी थोडा. त्या संध्याकाळी आलेखातले ठिपके एकमेकांत मिसळलेले बघून चहा जास्तच गोड लागला!

पण जुळ्यासमोर जुळं ठेवायला गेलो आणि गाडी अडली. संगमनेरी जुळी बोटांवर मोजण्याइतकी. छोट्या नमुन्यासाठीच गॉसेटने 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ही चाचणी मांडली हे खरं, पण चार-पाच करडांवरून तीही काय बोलणार? पी मोठी आली म्हणून ‘फरक नाही’ असं ठरत नाही, एवढंच म्हणता येतं की दिसला नाही. त्यातून जुळी भावंडं म्हणजे दोन सुट्या नोंदी नव्हेत. आई एक, दूध एक, आजारपणही बहुधा एकदमच. त्यांना वेगवेगळं मोजलं की नमुना कागदावर फुगतो आणि पी उगाच बारीक दिसते. जोडीची सरासरी घ्यावी, तर आधीच तुटपुंज्या नोंदी निम्म्या होतात. यावर बरंच डोकं खाजवलं.

काट्याचं म्हणाल तर स्प्रिंगचा काटा मी जन्मवजनाला बाद केला. दोन किलोच्या करडाला 100 ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे थेट पाच टक्के. लटकवायचा डिजिटल घ्या, पण होल्डचं (आकडा धरून ठेवणारं) बटण असलेलाच. गोणपाटाला चार भोकं पाडून पाय खाली सोडले की करडू फार धडपडत नाही. वजन सकाळी, दूध पाजायच्या आधी. 90 वा दिवस हुकला तर रोजची सरासरी वाढ काढून 90 ला आणायचं. समजा जन्माला 2 किलो, 96 व्या दिवशी 11.6, म्हणजे रोज 100 ग्रॅम, म्हणजे 90 ला 11 किलो.

हे लिहिता लिहिताच सुचलं : करडू मोजायचंच कशाला? शेळी मोजू. एका वेतात 90 दिवसांपर्यंत तिने एकूण किती किलो करडं उभी केली, मेलेल्याचं शून्य धरून. एक शेळी, एक आकडा. भावंडांचा घोळ मिटला. घाईघाईत बेरीज केली तर उस्मानाबादी चक्क पुढे! मात्र जुळ्यांच्या आईला मी खुराक जास्त देतो, तो खर्च यात नाही. संगमनेरीचं काढलेलं दूधही नाही. तेव्हा संगमनेरवाल्यांनो, अजून पेढे मागत नाही. पुढच्या वेतापासून खुराक आणि दूध दोन्ही वहीत चढवतोय, जातीच्या सरासऱ्या तोवर बाजूला.

आणि हो, एक्सेलच्या टी.टेस्ट सूत्रात शेवटचा आकडा 3 ठेवा. 2 ठेवलात तर दोन्ही गटांचा विखुरलेपणा सारखा धरला जातो, आणि माझ्याकडे तो मुळीच सारखा नाही.