माघवारीत आप्पांच्या जोडीनं

आमच्या गावची दिंडी माघीची. आषाढात रोप लावणी चालू असते, शिवार सोडवत नाही. माघापर्यंत सुगी उरकलेली असते, मग निम्मं गाव पंढरपूरला निघतं.

यंदा मी चाललो तो त्याच्या जागी. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात ट्रेनिंग संपवून कसम परेड, म्हणजे शपथेची परेड केलेला, माझ्याच सेक्शनचा, माझ्या हाताखालच्या छोट्या तुकडीतला पोरगा. वय २३. एकदा तरी आप्पांबरोबर, म्हणजे आपल्या वडलांबरोबर, पायी वारीला जायचं, असं चौकीवर सारखं बोलायचा. सुट्टी कधी माघात मिळाली नाही. तिथंच, बर्फात, गोळी लागून गेला.

पलटणीत दुःखालाही कवायत असते. ‘शोक शस्त्र’ म्हटलं की रायफल उलटी, मान खाली. बिगुल संपला की मान वर. त्याच रात्री त्याच्या पहाऱ्यावर दुसरा जवान मीच उभा केला. ते तसंच व्हायला हवं, नाहीतर चौकी टिकत नाही. पण माझं रडू तेव्हापासून आतच राहिलं होतं.

काकती, संकेश्वर, चिकोडी असा रस्ता. उसाच्या ट्रॉल्या धूळ उडवत जायच्या आणि कडेनं आमची ओळ: पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागं तुळस घेतलेल्या बायका. निघण्याआधी वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. आप्पा माझ्यासमोर वाकले. ज्यांचा पोरगा मी तिरंग्यात गुंडाळून घरी आणला, ते माझ्या पायाला हात लावत होते. मीही वाकलो आणि वाकल्याजागीच हुंदका फुटला. कुणी समजूत घातली नाही. गजर चालूच राहिला. एका काकूंनी माझी पिशवी तेवढी आपल्या खांद्याला अडकवली.

अंकलीजवळ कृष्णेच्या पुलावर आप्पा मागं राहून माझ्या जोडीला आले.

“माउली, विचारीन म्हणतोय कवाधरनं, खरं जमंना. त्या दिवशी जेवला होता का त्यो?”

वेळ, जागा, कसा लढला, हे सगळं त्यांना अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

“जेवला होता आप्पा. खिचडी होती. जोंधळ्याची भाकरी पाहिजे म्हणून कुरकुरत होता.”

आप्पा मोठ्यानं हसले. “घरात भाकरी वाढली की तोंड वाकडं करायचा!”

मग कागवाड मागं पडलं, मिरज आली, तरी ते विचारतच होते. झोपायचा कुठं, हातमोजे धड होते का, कुणाशी भांडायचा का. मी सांगत गेलो. शेवटी पाणी मागितलं होतं आणि मी पाजलं, तेही सांगितलं. तेव्हा आप्पा बराच वेळ माझा दंड धरून चालले.

एकादशीला पंढरपुरात रांग फार लांब होती. आम्ही कळसाचं दर्शन घेतलं आणि एस.टी.नं परतलो.

त्याच्या आईनं मला अजून काहीच विचारलेलं नाही. आप्पा म्हणतात, तिलाही ऐकायचंय, तिचा धीर होत नाही. माझी सुट्टी अजून शिल्लक आहे. उद्या सकाळी त्यांच्या घरी जाऊन बसणार आहे.