आमची वाटचाल: गेमरच्या खोलीतून लग्नाच्या स्टुडिओत

२०१० साली पुण्यात आम्ही संगणक जोडून देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा नव्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाची, घोषणा झाली की दुसऱ्याच दिवशी भाव विचारायला येणारे गेमर हेच आमचे गिऱ्हाईक होते. त्याच वर्षी आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स ४८० हे कार्ड २५० वॅट वीज खात असे आणि तापतही तसेच असे, त्यामुळे त्याच्यासाठी मोठे कॅबिनेट, दमदार एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि जादा पंखे असा सगळा संसार मांडावा लागे. अशी यंत्रे जोडण्यात आम्हाला आनंद होता. हिशेबाच्या वहीत मात्र तो उतरत नसे, कारण बाजारभाव या मुलांना आमच्याइतकाच तोंडपाठ असे.

खरे तर केवळ शौकिनांच्या कौतुकावर धंदा टिकत नाही, हा धडा मी आधीच पाहिला होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात नोकरी करत असताना थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या वूडू कार्डांचा दबदबा मी अनुभवला होता. पहिल्या वूडूला केवळ त्रिमितीय चित्र काढता येई. म्हणून साध्या कार्डातून एक आखूड केबल बाहेरून वूडूत आणि तिथून दुसरी मॉनिटरला, अशी जोडणी करावी लागे, आणि शौकीन ती कौतुकाने करत. पुढे २००० साली एनव्हिडियाने जीफोर्स २ एमएक्स हे स्वस्त आणि दोन मॉनिटर चालवणारे कार्ड आणले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सची बहुतेक मालमत्ता एनव्हिडियाकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. केवळ स्वस्त कार्डामुळे ती कंपनी बुडाली, असे मी म्हणणार नाही. एसटीबी ही कार्डे बनवणारी कंपनी विकत घेऊन तिने स्वतःच कार्डे बनवायला घेतली आणि आपल्या चिपवर कार्डे बनवणाऱ्या उत्पादकांना दुखावले, हेही तितकेच खरे.

आमच्याकडे बदल झाला तो २०१४ च्या फेब्रुवारीत आलेल्या जीटीएक्स ७५० टीआयमुळे. हे कार्ड ६० वॅटवर चालत असे, आणि मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पट्टीच्या) स्लॉटमधूनच ७५ वॅट मिळत असल्यामुळे त्याला वेगळी वायर लागत नसे. सातारा भागात लग्नाचे व्हिडिओ करणारे एक गृहस्थ आपला ऑफिसचा जुना संगणक गोणपाटात गुंडाळून एसटीने घेऊन आले होते. आम्ही झाकण उघडले, ब्लोअरने धूळ उडवली, कार्ड स्लॉटमध्ये बसवले, एक स्क्रू आवळला. एसएमपीएसला हातही लावावा लागला नाही. पडद्यावर वरमाला न अडखळता पडताना पाहून त्यांनी विचारले, “एवढंच होतं होय?” पुढच्या हंगामात त्यांच्या ओळखीने आणखी स्टुडिओवाले आले.

मग आम्ही दुकानाची मांडणीच बदलली. दरपत्रकातून फ्रेमचे आकडे, म्हणजे गेममध्ये सेकंदाला किती चित्रे दिसतात ते, काढले आणि त्याऐवजी कोणते सॉफ्टवेअर चालवता, मॉनिटर किती आणि कॅबिनेट केवढे, हे तीन प्रश्न छापले. तुम्ही आता डबे विकायला लागलात, असे काही जुनी मुले तोंडावर म्हणाली. ते मनाला लागले, पण दुकानाचे भाडे त्या डब्यांवरच निघू लागले. २०१७ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामासाठी, म्हणजे ते चलन मिळवून देणारी आकडेमोड करण्यासाठी, लोक कार्डे उचलू लागल्याने ती मिळेनाशी झाली आणि एका वितरकाने प्रत्येक कार्डामागे न खपणारा मदरबोर्ड गळ्यात मारायला सुरुवात केली, तेव्हाही अवघ्या ३० वॅटच्या जीटी १०३० ने आम्हाला तारले.

मात्र याच कार्डाने पुढच्या वर्षी आम्हाला पेचात टाकले. त्याच नावाने डीडीआर४ या कमी वेगाच्या प्रकारची मेमरी लावलेली, बरीच संथ आवृत्ती बाजारात आली. गेमर खोक्यावरचे बारीक अक्षर वाचून फरक ओळखत असे. स्टुडिओवाला मात्र आमच्या शब्दावर विसंबून पैसे मोजत असे, आणि ही जबाबदारी आम्हाला गेमरच्या चिकित्सेपेक्षा जड वाटली. तेव्हापासून प्रत्येक बिलावर कार्डाच्या नावापुढे मेमरीचा प्रकार आम्ही पेनाने लिहितो आणि पैसे घेण्याआधी तो ग्राहकाला वाचून दाखवतो.