तुम्ही विचारलंत म्हणून: पडून असलेली एमजीबी घ्यावी का?

इंग्लंडात राहणारे मराठी गाडीवेडे हमखास विचारतात ते असं: कुणाच्या तरी गॅरेजात दहा-पंधरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळतेय, घ्यावी का? घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणता येईल का? आणि लगेच पुढचा प्रश्न, इंजिन चालू होईल का हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

इंजिनाचा विचार नंतर. ते जाम असलं तरी चालेल.

१९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. तिचं १७९८ सीसी इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. आपल्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. रचना साधी, आणि गॅस्केटपासून बेरिंगपर्यंत सगळं आजही नवं मिळतं. या गाडीला संपवतो तो गंज. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी होती, एमजीबीला नाही. इथे भार पत्र्याच्या पोकळ पेट्या उचलतात, आणि उघड्या टपाच्या गाडीत त्यातला मोठा वाटा दाराखालून जाणाऱ्या लांब पट्टीचा, म्हणजे सिलचा असतो. सिल गेली की गाडी मधोमध वाकू लागते.

म्हणून बघायला जाताना चुंबक, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि जुने कपडे घेऊन जा. चुंबकाला फडकं गुंडाळा आणि सिलच्या खालच्या कडेवरून, मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यावरून आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मालकाला विचारून दार उघडं ठेवा, सिलखालच्या जॅक पॉइंटवर गाडी उचला आणि दार लावून बघा. फट बदलली किंवा दार घासलं, तर सिलमध्ये जीव नाही. जॅकच आत रुतायला लागला तर उत्तर त्याआधीच मिळालं. सीटमागचं झाकण काढून बॅटरीचे कप्पेही बघाच. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, सांडलेल्या ॲसिडने ते कप्पे सडतात. शेवटी गाडीखाली जाऊन मागच्या पाट्यांच्या म्हणजे लीफ स्प्रिंगच्या टोकांजवळ स्क्रूड्रायव्हरने टोचा.

चकचकीत रंग आणि नव्या सिल सांगितल्या तर जास्त सावध व्हा. सिल म्हणजे एकच पत्रा नव्हे. बाहेरची सिल, आत उभा पडदा आणि तळाला कॅसल रेल अशा भागांची मिळून ती पेटी होते. मूळ बाहेरची सिल पुढच्या मडगार्डच्या आत आणि मागच्या पंखाच्या म्हणजे मडगार्डच्या खालीही जाते. ती नीट बदलायची तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं आणि मागच्या पंखाचा खालचा भाग कापून नवा लावावा लागतो. हे टाळण्यासाठी सडक्या सिलवरच नवा पत्रा चढवून कडा वेल्ड करण्याचा जुना धंदा आहे. वरून छान दिसतं, आतला पडदा मात्र गंजतच राहतो.

सिल घरी बदलता येते. मिग वेल्डर (तार आपोआप पुढे सरकवणारा), ०.६ मिमी तार, आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड मिश्र गॅस आणि हातावर थोडा ताबा एवढं पुरे. पण आधी भंगार पत्र्यावर सराव करा. सिलवर शिकू नका. बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा, पेट्रोलची टाकी गाडीतून काढा, कार्पेट आणि अंडरसील म्हणजे खालचा गंजरोधक थर खरवडून टाका, अग्निशामक हाताशी ठेवा. उघड्या गाडीत काहीही कापण्याआधी दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी आडवा आधार वेल्ड करा. एका वेळी एकच बाजू. गाडीला आधार सस्पेन्शनजवळ द्या, मधल्या फ्लोअरखाली नाही. वाकलेल्या अवस्थेत सिल वेल्ड झाली की तो बाक कायमचा, आणि मग दार कुठल्याही बिजागरीने जागेवर येत नाही. नवा पत्रा क्लॅम्पने धरून दार लावून बघा, फट मोजा, मगच टाके म्हणजे छोटे-छोटे वेल्ड घाला. एका जागी सलग वेल्ड करत गेलात तर पत्रा ताणतो, त्यामुळे टाके अंतर सोडून घालायचे. जोडांच्या आत झिंक प्रायमर आणि शेवटी पोकळीत कॅव्हिटी वॅक्स म्हणजे गंजरोधक मेण. तळाची पाणी निघायची भोकं वॅक्सने किंवा सीलरने बुजवू नका; ती बुजली की नवी सिलही आतूनच जाईल.

पत्रा सगळीकडून गेला असेल तर ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे नवे सांगाडे बनवते. किंमत ऐकून दम लागतो. पण सगळे तुकडे सुटे घेऊन, महिनोन्‌महिने कापाकापी करून, शेवटी वाकडा सांगाडा हाती येण्यापेक्षा तो हिशेब एकदा मांडून बघावा. दुसरी वाट म्हणजे बंद टपाची जीटी. ती १९६५ मध्ये आली, तिच्या रचनेत पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा हात होता, आणि पोलादी छतामुळे ती ताठ राहते. तरी उघड्या गाडीपेक्षा ती बहुधा स्वस्त मिळते, कारण लोकांना केसांतून वारा हवा असतो. पहिल्या प्रकल्पाला मी जीटीच सुचवतो.

कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून परत आलेल्या गाड्यांचा पत्रा सहसा चांगला असतो. पण स्टीअरिंग डावीकडे, आणि रबर, सीट, डॅशबोर्ड उन्हाने करपलेले. हे सगळं नवं मिळतं. वेल्डिंगपेक्षा ते परवडलं.

आता पाने, म्हणजे स्पॅनर. एमजीबीचे बहुतेक नटबोल्ट इंचातले आहेत, त्यामुळे एएफ म्हणजे इंची मापांचा संच आधी घ्या. १३ मिमीचा पाना अर्ध्या इंचाच्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो आणि बरोबर गंजलेल्या बोल्टवर कोपरे घासून ठेवतो. एक्झॉस्टच्या आणि सस्पेन्शनच्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

इंजिन उठवायची घाई नडते. बॅटरी लावून थेट चावी फिरवली तर पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा तुटू शकतात. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओता आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. फिरलं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टरसह साधारण सव्वाचार लिटर २०डब्ल्यू-५० लागतं. प्लग बाहेरच ठेवून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टरने फिरवा, मगच ठिणगी आणि पेट्रोल. क्लच दाबूनही गियर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असू शकते. ती सुटली नाही तर इंजिन बाहेर काढण्यावाचून इलाज नाही, कारण एमजीबीत क्लच गाठायला दुसरा मार्गच नाही. गियरबॉक्समध्येही इंजिनचंच ऑइल जातं. तिथे सवयीने ईपी ९० हे गियर ऑइल ओततात. ते मागच्या ॲक्सलसाठी आहे.

पेट्रोलची जुनी रबरी नळी एकही ठेवू नका. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ ऑक्टेन पेट्रोल ई१० म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं झालं, आणि ते इथेनॉल जुनं रबर मऊ करून चिरतं. इथेनॉल सोसणारी आर९ दर्जाची नळी घाला आणि शक्यतो ई५ असलेलं सुपर पेट्रोल भरा. टाकी डिकीच्या तळाला लागून असते. मधल्या सापटीत चिखल आणि पाणी साचून ती वरून सडते. खालून धड दिसली म्हणून भुलू नका. चावी फिरवल्यावर मागून टकटक आवाज यायला हवा, तो एसयू कंपनीच्या विजेवरच्या पेट्रोल पंपाचा. आवाजच नसेल तर बहुधा त्याचे पॉइंट म्हणजे विजेचे संपर्क काळे झालेत.

ट्यूनिंगचा क्रम मोडू नका: व्हॉल्व्ह, मग ठिणगी, मग कार्ब्युरेटर. नेहमीच्या कॅमवर थंड इंजिनाला व्हॉल्व्हची फट ०.०१५ इंच, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फटही तेवढीच, प्लगची ०.०२५, फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२. बहुतेक वेळा लोक एसयू कार्ब्युरेटरला दोष देत बसतात आणि दोष ठिणगीत निघतो. खरोखर कार्ब्युरेटरचाच असेल तर तो थ्रॉटलच्या दांड्याच्या झिजलेल्या भोकात असतो. तिथून हवा आत शिरते आणि आयडल स्थिर होत नाही; कितीही स्क्रू फिरवा. पेट्रोल-हवेचं मिश्रण बघायला कार्ब्युरेटरचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट, इंजिन बसायला लागलं तर पातळ, क्षणभर वाढून पूर्वपदावर आलं तर बरोबर.

ब्रेकमध्ये काटकसर करू नका. रबरी होज बाहेरून ठीक दिसतात, आतून फुगून बंद होतात. पेडल सोडलं तरी चाक धरूनच राहतं, त्याचं कारण बहुधा हेच. तिन्ही होज नवे, नळ्या तांबे-निकेलच्या, ३/१६ इंची, मागचे व्हील सिलिंडर नवे. पुढच्या कॅलिपरचे पिस्टन गंजले असतील तर स्टेनलेसचे घाला.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. रंग ठरलेले आहेत: तपकिरी म्हणजे सतत चालू, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशनचाच पण फ्यूजमार्गे, काळा अर्थिंगचा. निम्म्याहून जास्त दोष अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात असतात, त्यामुळे आधी ते घासा. एकच धोका आहे. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ होत्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. न तपासता इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा रेडिओ जोडला तर ते उपकरण तत्क्षणी जळतं.

तारांची चाकं असतील तर डावे-उजवे हब अदलाबदल होऊ देऊ नका. डाव्या बाजूला नेहमीचे आटे असतात, उजव्या बाजूला उलटे. अदलाबदल झाली की चालता चालता मधला नट सैल होतो. निघताना आणि थांबताना मागून ठक्क आवाज आला तर स्प्लाइन म्हणजे हबवरचे आणि चाकातले दाते झिजल्यात; चाक आणि हब दोन्ही बदला, कारण जुन्या हबवर नवं चाक लवकर झिजतं.

रंग आणि सीट यांवर बोलण्यासारखं फारसं नाही. ते शेवटी करायचं, आणि रंग बाहेरून करून घेतला तरी कमीपणा नाही.

कागदपत्रांचं सोपं आहे. सगळ्या एमजीबी आता चाळीस वर्षांच्या पुढे आहेत, त्यामुळे मोठे बदल केलेले नसतील तर मे २०१८ पासूनच्या नियमाने एमओटी ही गाडीची वार्षिक तपासणी लागत नाही. तरीही पहिल्यांदा रस्त्यावर आणण्याआधी एमओटी करून घ्या. जी गाडी तुम्ही महिनोन्‌महिने बघत आलात, तिच्याखाली दुसऱ्या कुणीतरी लिफ्टवर उभं राहून एकदा बघायला हवं. आणि जाण्याआधी पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनच्या निपलांमध्ये ग्रीस मारा, दर बाजूला तीन. पडून राहिलेल्या गाडीत पहिला शेरा बहुधा तिथलाच येतो.