मोटारीच्या मुंग्या आणि नवा डीबी

गावाकडच्या घरात पाण्याच्या मोटारीला ओला हात लागला की मुंग्या यायच्या. ‘अर्थिंग आहे, एमसीबी आहे, अजून काय पाहिजे?’ असं वायरमनकाकांचं म्हणणं. (एमसीबी म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच.) अर्थ टेस्टर लावेपर्यंत मलाही ते पटत होतं.

अर्थिंगचा रोध ४० ओहम निघाला. भागाकार केला: २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर. उद्या मोटारीच्या बॉडीला फेज चिकटला तर जमिनीत फार तर एवढाच प्रवाह जाणार. मोटारीचा एमसीबी १० अँपिअरचा, बी प्रकारचा. तो कशाला पडेल? त्याच्या लेखी हा रोजचाच लोड! म्हणजे तो निवांत चालू आणि बॉडीवर जवळपास सगळा व्होल्टेज उभा. बी प्रकारचा एमसीबी खात्रीने लगेच पडायला त्याच्या आकड्याच्या पाचपट, म्हणजे ५० अँपिअर हवेत, त्यासाठी अर्थिंग ४.६ ओहमच्या खाली पाहिजे. मुरमाड जमिनीत एका इलेक्ट्रोडवर ते जमणं कठीण.

आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, कशासाठी असतो ते मला तेव्हा उमगलं. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघतो. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की पडतो. त्याला ४० ओहमही चालतात. मात्र ओव्हरलोड त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी लागतातच. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तरी तो गप्पच बसतो, कारण त्याचा हिशोब जुळलेला असतो.

मग डीबीचा, म्हणजे हे सगळे स्विच बसवायच्या पेटीचा, आराखडा काढायला बसलो. सगळं घर एका आरसीसीबीवर टाकलं तर रात्री मोटारीत गळती झाली की दिवेही जाणार आणि अंधारात दोष शोधायचा. म्हणून दोन घेतले: एकावर दिवे-पंखे आणि फ्रिज, दुसऱ्यावर मोटार, गिझर आणि बाहेरचे सॉकेट. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर वायर आणि ६ चा एमसीबी, सॉकेटला अडीच आणि १६ चा. मोटार सुरू होताना तिचा एमसीबी मधूनमधून पडायचा, त्यावर काकांचा उपाय ‘३२ चा टाकू’. सुरुवातीला मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, तेवढ्यासाठी सी प्रकारचा, म्हणजे असा क्षणभराचा झटका सोसणारा, १० चाच पुरला. ३२ चा टाकला असता तर वायर तापून गेली तरी तो जागचा हलला नसता.

जोडणी एका दिवसात झाली. चालू केलं आणि दोन्ही आरसीसीबी धाडकन पडले.

‘माल खराब आहे,’ काका म्हणाले. माल ठणठणीत होता. जुन्या वायरिंगमध्ये जिथे जवळ सापडला तिथून न्यूट्रल उचललेला. फ्यूजच्या काळात ते खपून गेलं, आता एका आरसीसीबीतून गेलेला प्रवाह दुसऱ्यातून परत येत होता. मेन बंद केला, सगळे दिवे-उपकरणं काढली, बारवरून (सगळे न्यूट्रल जोडायच्या पट्टीवरून) प्रत्येक न्यूट्रल सोडवला आणि मल्टिमीटरने एकेक जोडी तपासली. जिन्यातल्या दिव्याचा न्यूट्रल बाहेरच्या सॉकेटमधून घेतलेला निघाला. तो दुरुस्त केल्यावर पहिला आरसीसीबी टिकला, दुसरा पडतच राहिला. मोरीजवळच्या सॉकेटमध्ये कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने एकत्र बांधले होते, म्हणजे परतीचा काही प्रवाह जमिनीतून जाणार! अर्थ वायर ओढायचा कंटाळा, दुसरं काय. या शोधात दोन दिवस गेले; आराखड्याला एक संध्याकाळ लागली होती.

आता प्रत्येक आरसीसीबीला स्वतःचा न्यूट्रल बार आहे, आणि कुठली वायर कुठे जाते ते झाकणाच्या आत लिहून ठेवलंय. वायरींची भोकं ग्लँडने, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचांनी, बंद केली, नाहीतर पाली आत जाऊन बसतात. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबतो; त्याने आरसीसीबी हलतो एवढंच कळतं, अर्थिंगसाठी टेस्टर वेगळा लावावा लागतो.

पाऊस सुरू झाला त्या रात्री दुसरा आरसीसीबी पडला. दिवे चालूच होते. मोटारीचा एमसीबी खाली केल्यावर तो उचलला गेला. सकाळी मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडला तर झाकणाखाली पाणी अडवणारं गॅस्केटच नव्हतं आणि वाटीभर पाणी साचलेलं. मुंग्या तिथूनच येत होत्या.