अर्जात वजनाचा रकाना नव्हता

जुनी नाणी बघण्याच्या छापील अर्जावर दोनच रकाने होते, ‘पाहणी’ आणि ‘छायाचित्रण’. वजनाचा रकाना नव्हता. एवढ्यावरून माझे साडेचार महिने गेले. आठवलं की अजून राग येतो.

माझ्या प्रबंधाचा विषय सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची (तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची) नाणी. तेर आमच्या सोलापूरहून जवळच, बार्शीच्या पुढे. तिथलं लामतुरे संग्रहालय बघितलं तेव्हाच विषय पक्का झाला. मार्गदर्शक, विषयमंजुरी, नोंदणी सगळं सुरळीत झालं. मला मोजायची नाणी मात्र दुसरीकडे होती, एका कार्यालयाच्या कपाटात. शेतात गाडग्यात सापडलेली, छोटी, काळवंडलेली बासष्ट नाणी.

ऑक्टोबरात अर्ज दिला. पंधरा दिवसांत परवानगी आली, मी खूश. काटा घेऊन गेले तर टेबलावरचे भाऊ म्हणाले, “मॅडम, बघायची परवानगी हाय ना, मग बघा की. वजन कुठं लिहिलंय?” मी म्हटलं, रकानाच नाही तर लिहू कुठं? “मग तसा वेगळा अर्ज द्या.” दिला. त्यावर उत्तर आलं की वजन म्हणजे हाताळणी, आणि हाताळणीची परवानगी वरच्या कार्यालयातून लागते. फाइल वर गेली. दिवाळी गेली. गड्ड्याची जत्रा आली नि गेली. दर सोमवारी फोन, दर सोमवारी “सहीला आहे”.

एकदा साहेब भेटले. त्यांना इतिहासाची आवड होती, म्हणून जास्तच वाईट वाटलं. म्हणाले, “जोगलटेंभीच्या नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्राचा ठसा आहे, ते डोळ्यांनीच दिसतं ना? वजन कशाला?” बरोबर आहे. नाशिक जिल्ह्यात १९०६ साली सापडलेल्या त्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. पण ती चांदीची नाणी, आणि न वितळवता त्यांच्यावरच दुसरा ठसा मारलेला. त्याहून जुन्या आहत, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर ठसे मारून केलेल्या, नाण्यालाही बत्तीस रत्तींचं, म्हणजे साधारण ३.४ ग्रॅमचं माप ठरलेलं असायचं.  पोटीनमध्ये एकेका नाण्याचं वजन इतकं वरखाली होतं की बरीच नाणी एकेक करून मोजल्याशिवाय त्या नाण्याची किंमत काय होती, यावर बोलताच येत नाही. हे मी उभ्याउभ्या सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लेखी द्या.”

चौथं पत्र लिहिलं. त्याच सुमारास साहेबांची बदली झाली. नव्या बाईंनी पत्र दहा मिनिटांत वाचलं आणि पेनानं एक ओळ लिहिली, ‘वजन व मापे घेण्यास हरकत नाही.’ शिक्का. जिना उतरताना मी रडले.

म्हणून सांगते, पहिल्याच अर्जाला वेगळा कागद जोडा आणि त्यावर सगळं लिहा: वजन, व्यास, जाडी, दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांशी कोणत्या कोनात आहेत ते. सुती हातमोजे आणणार हेही लिहा. आणि कुणी कितीही सांगो, नाणं चिंचेनं किंवा लिंबानं घासायचं नाही. घासलं की वजनही जातं आणि अक्षरंही.

अक्षरांवरून आठवलं, फोटोसाठी दिवा वरून नको, बाजूनं धरा. एका नाण्यावर हत्ती होता, सोंड वर केलेला, कडेला नुसता खरखरीतपणा. मोबाइलचा दिवा टेबलालगत आडवा धरला तशी ब्राह्मीतली ‘सातक’ ही तीन अक्षरं (‘सातकर्णी’ या राजनावाचा तुकडा) उभी राहिली. भाऊंनाही दाखवली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

नाणी शेतातली आहेत हे मला कळलं ते डब्यातल्या चिठ्ठीवरून. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुणीतरी ते कळवलं, म्हणून गावाचं नाव राहिलं. सराफाकडे गेली असती तर गाव गेलं असतं. डब्यातली प्रत्येक चिठ्ठी उतरवून घ्या, मागची बाजूसुद्धा.

मोजणीला दीड दिवस लागला. काटा दोन दशांशांचा घ्या, सोबत दहा ग्रॅमचं वजन ठेवा आणि तासातासाला काटा तपासा. पहिल्या तासात माझे आकडे सारखे हलत होते. वर पंखा होता. मार्चमधली सोलापूरची दुपार, खोलीत चार माणसं. मी विचारायला कचरत होते, तोवर भाऊंनीच उठून पंखा बंद केला. दोन नाणी, दोन्ही काळी, कॅलिपरवर व्यास आणि जाडी सारखीच. एक ३.१२ ग्रॅम, दुसरं ४.०५. शिसं जड, म्हणजे दुसरं शिशाचं होतं. जुन्या यादीत दोन्ही ‘पोटीन’ म्हणून लिहिलेली होती. भाऊंनी घाम पुसत स्वतःच्या वहीत दोन्ही आकडे लिहून घेतले.